मागची धार

चालत्या इंजिनाकडे आम्ही बघत नाही.
बघतो ती मागची धार,
बोटीच्या कुल्ल्यावरून अंगठ्याएवढी पडणारी.
ती आहे तोवर कान दुसरीकडे ठेवता येतो.

धरणाच्या भिंतीपासून तीन तास वर आलो होतो.
वैनगंगेचं थांबलेलं पाणी घासलेल्या परातीसारखं,
ऊन त्यात बघून स्वतःच तापलेलं.
खेमराज म्हणाला, "मामा, मुतनं बंद झालं तिचं."

आधी वास. रंग जळल्याचा. मग वाफ.
इंजिन बंद केलं तेव्हा
पिशव्यांमधलं बीज ऐकू आलं, प्लास्टिकला तोंड लावत:
चाळीस पिशव्या, रोहू अन् कतला, बोटाएवढी पोरं,
प्राणवायू भरून गाठ मारलेली, दुपारपर्यंतच्या हिशेबाची.
वरून ओला बारदाना.
इंजिन दोन हातांवर.

चारी बाजूंनी पाणी, आणि मधोमध लोखंड तहानलेलं.
दुसऱ्याच्या बोटीत घडलं असतं तर हसलो असतो.

बांबू टेकवत काठाला आणली.
जाळीत चिला गुंतला होता, फणीतल्या गुंतवळासारखा. काढला.
पंप उघडला. रबरी चक्रीला सहा पाकळ्या असतात.
तीन गायब,
उरलेल्या तीन कडक, एकाच बाजूला वळलेल्या.
नवी भंडाऱ्यात मिळते.
भंडाऱ्यात आज तान्हा पोळा, शटर खाली.

मी रागानं डबा बुचकळला, इंजिनावर रिकामा करायला.

"ओतू नोको!"
काठावर एक बाई, कडेवर पोरगं,
पोराच्या बगलेत लाकडी बैल.
"तापल्यावर थंडं पानी टाकशीन त मुंडकं तडकते त्याचं.
बस घडीभर. तूबी बस."

पारबता नान्हे. तिच्या घरच्या इंजिनाला
हाच रोग तीन सालांपासून.
तिनं आणला रंगाचा रिकामा डबा, बुडाला भोक पाडलेला,
फवारणी पंपाची नळी, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या.
तीन काठ्या बांधून डबा उंच बसवला,
नळीचं तोंड इंजिनात.
"वरतून पानी आपोआप उतरते. त्याले पंप कायले पायजे?
एकानं भरत राहाचं, बस."

घडीभराचे दोन तास झाले.
मी पिशवीला हात लावला:
ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखी.
पोरं वर आलेली, तोंडं उघडी.

रजिस्टरात या बिजाचं ठिकाण लिहिलेलं होतं,
अजून दीड तास पुढे, आमच्या सोसायटीच्या पाण्यात.
हे पाणी दुसऱ्यांचं.
खेमराजनं माझ्याकडे बघितलं.
बाईनं पिशव्यांकडे बघितलं आणि मान वळवली,
"इथं सोड" म्हणाली नाही.
तिचं ते न म्हणणं मला अजून उचलत नाही.

पिशवी लगेच फोडायची नसते.
तशीच तरंगू द्यायची,
आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी
एकमेकांच्या ओळखीचं होईस्तोवर.
मग गाठ सोडायची, तोंड वाकडं धरायचं.
ती स्वतः निघतात. काही निघाली नाहीत.

पोरगं बैल घेऊन उकिडवं बसलं.
"हे कोनाचे?"
खेमराज बोलला, "आता इथचे."

परतताना त्यानं लोट्यालोट्यानं डबा भरला,
साडेतीन तास, हात बदलत, शिव्या बदलत.
मागे धार पडत होती, करंगळीएवढी, कढत.
अंधार झाल्यावर ती दिसेना
म्हणून मी बोट खाली धरून बसलो.

रजिस्टरात लिहिलं: वाटेत मेले.
सचिवानं वाचलं, माझ्याकडे बघितलं, शिक्का मारला.

चक्री नवी आहे आता.
पारबताबाईचा डबा मात्र फळीखाली तसाच,
निळा रंग कडेला वाळलेला.
नेऊन द्यायचाय एकदा,
जाळं न घेता.